परवडणारा लॉकर कोणता?

नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टरचं एक चाक ओल्या सरीत गरगरायला लागलं की चालवणारा विचार करत बसत नाही. पायाशी एक छोटं पेडल असतं, ते टाचेनं दाबतो. मागची दोन्ही चाकं एका वेगानं फिरू लागतात, ट्रॅक्टर ओलीतून बाहेर येतो आणि बांधाशी वळण यायच्या आत चालवणाऱ्यानं पाय उचललेला असतो. डिफरन्शियल लॉक म्हणजे काय, तो कधी लावायचा आणि कधी सोडायचा, हे सगळं एवढ्यात आलं. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या कोणालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

अडचण येते ती जिप्सी, जुनी जीप किंवा थार घेऊन डोंगरात शिरणाऱ्यांना. त्यांच्या गाडीत बहुधा असं पेडल नसतं. मग लॉकर बाहेरून बसवून घ्यायचा विचार सुरू होतो आणि पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. पण लॉकरच्या बाबतीत डब्यावरची किंमत फार फसवी असते. लॉकरचं काम पडतं ते वर्षातल्या मोजक्या चढांवर आणि ओढ्यांत. बाकीचा सगळा वेळ गाडी डांबरी रस्त्यावर, घाटात, शहरात असते. त्या उरलेल्या वेळात लॉकर कसा वागतो आणि तो बसवताना आसपासच्या किती गोष्टींना हात लावावा लागतो, यावरून स्वस्त-महाग ठरवावं, असं माझं मत आहे. त्याच कसोटीवर बाजारातले प्रकार एकेक तपासून पाहू.

चारांतली दोनच का फिरतात?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एका दांड्यावर घट्ट असती तर टायर घासले असते आणि गाडी वळायला कुरकुरली असती. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतो. गोम इथेच आहे. एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मग खडकावर घट्ट बसलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नसल्यासारखा जोर मिळतो. इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही.

गाडी फोर बाय फोर आहे म्हणून यातून सुटका होत नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडतो. डावं आणि उजवं चाक तो जोडत नाही. ओढ्याचा काठ तिरका चढताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मोकळं झालं की नेमकी तीच दोन फिरतात आणि जमिनीला धरलेली दोन गप्प राहतात. लॉकरचं सगळं काम या प्रसंगापुरतं आहे.

त्यामुळे खिशात हात घालण्याआधी हा प्रसंग मुळात टाळता येतो का, ते पाहावं. टायरची हवा ३० पीएसआयवरून १८-२० वर आणली तर टायर पसरतो, दगडाला धरतो आणि खर्च शून्य. फक्त परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायला पंप हवा. एमटी (चिखलाच्या) किंवा चांगल्या एटी (सगळ्या वाटांच्या) टायरांनी जो फरक पडतो, तो गुळगुळीत टायर आणि लॉकर या जोडीनं पडत नाही. लॉक केलेली दोन गुळगुळीत चाकं एकाच वेळी घसरतात, एवढंच. गाडीचे पाटे किंवा स्प्रिंग मोकळेपणानं खालीवर होत असतील तर चाक जमीन सोडतच नाही. हे सगळं झाल्यावरही गाडी अडत असेल, तर लॉकरचा हिशेब सुरू करावा.

ब्रेकवाला लॉक आणि एलएसडी

नव्या गाड्यांत एक उपाय आयताच मिळतो. एबीएसचे सेन्सर मोकळं फिरणारं चाक ओळखतात आणि फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतात. त्या चाकाला विरोध झाला की डिफरन्शियल तेवढाच जोर पलीकडच्या चाकाला देतो. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीचा सगळा भरवसा या पद्धतीवर आहे. २०२० च्या थारच्या वरच्या मॉडेलांतही ही सोय आहे. तिच्यात झिजणारा वेगळा सुटा भाग नाही आणि डांबरावर तिचं अस्तित्व जाणवतही नाही. मर्यादा एकच: चाक आधी घसरावं लागतं, मग यंत्रणा जागी होते. त्यामुळे खडकावर इंचाइंचानं चढताना गाडी थोडी अडखळते, आणि लांबच्या चिखलात ब्रेक तापतात. तरीही जिम्नी घेतलेल्या नवख्यानं पहिलं वर्षभर ॲक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवण्याची सवय लावून घेतली, तर लॉकरची गरज त्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघेल.

लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी, हा दुसरा मवाळ उपाय. क्लच प्लेटांच्या एलएसडीत दोन चाकांमध्ये घर्षण ठेवलेलं असतं. ते रस्त्यावर छान वागतं, पण प्लेटा झिजतात, तेलात खास मिश्रण घालावं लागतं, आणि जुन्या गाडीतल्या एलएसडीत बरेचदा नावापुरताच दम उरलेला असतो. गिअरवर चालणारा टॉर्सनसारखा प्रकार झिजत नाही. तो कमी पकड असलेल्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या दोन-तीन पट जोर दुसऱ्या चाकाला देतो. पण चाक पूर्ण हवेत असेल तर शून्याची तिप्पटही शून्यच. अशा वेळी ब्रेक हलका दाबून ठेवत ॲक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे त्या शून्याचं काहीतरी होतं. ज्या गाडीचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर नसून मागच्या चाकांवर आहे, तिथे हँडब्रेक एक-दोन खट् ओढूनही हीच युक्ती साधते. ओपन डिफरन्शियलच्या गाडीतही ती थोडीफार चालते, म्हणून फुकटात शिकून ठेवावी.

सगळ्यात स्वस्त: लंचबॉक्स

आता खरे लॉकर. किमतीत सगळ्यात खाली आहे तो ज्याला सगळीकडे लंचबॉक्स लॉकर म्हणतात तो. लॉक-राइट, ऑसी लॉकर, स्पार्टन ही त्यातली ओळखीची नावं. अमेरिकेत तो साधारण ३०० ते ५०० डॉलरना मिळतो. इथे त्यावर वाहतूक आणि आयातकर चढतो. डिफरन्शियलचा केज, म्हणजे गिअर धरणारी चौकट, तशीच ठेवून फक्त आतले स्टार गिअर काढायचे आणि त्या जागी दातेरी कड्यांच्या जोड्या बसवायच्या, एवढंच त्याचं काम. क्राऊन-पिनियनची बसवणी विस्कटत नाही, हा त्याचा मोठा गुण. बऱ्याच एक्सलमध्ये हात बसलेला मेस्त्री एका दिवसात काम उरकतो. बसवल्यावर दोन अर्ध्या भागांमधली फट मोजायची असते. ती साधारण ४ मिलिमीटरच्या आसपास येते. नेमका आकडा कंपनीच्या पत्रकातला घ्यावा, आणि फट त्यात बसत नसेल तर केज किंवा आडवी पिन झिजलेली आहे, हे समजून तिथेच थांबावं. झिजलेल्या केजमधला नवा लॉकर दात तोडून घेतो.

तो चालतो असा: इंजिनचा जोर आला की आडवी पिन दोन्ही बाजूंच्या दातेरी कड्यांना बाहेर रेटते आणि दोन्ही चाकं बांधली जातात. वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की त्या बाजूचे दात एकमेकांवरून घसरत कट्-कट् करत सुटतात, आणि गाडी आतल्या एकट्या चाकावर ढकलली जाते. म्हणजे त्याची मूळ अवस्था लॉकची. सुटतो तो वळणापुरता, तेही जोर कमी असला तर.

मातीत हा प्रकार बिनतोड आहे. डांबरावर मात्र तो आपलं अस्तित्व विसरू देत नाही. पार्किंगमध्ये वळताना टकटक येते, वळणात गिअर बदलला तर गाडी बाजूला हिसका देते. खरा धोका ओल्या घाटात आहे. ताम्हिणीत किंवा वरंध्यात पावसात आखूड वळणावर ॲक्सिलरेटर दिला आणि मागची दोन्ही चाकं एकदम बांधली गेली, तर दोन्ही एकदमच घसरतात. ओपन डिफरन्शियलमध्ये आतलं एक चाक फिरून गेलं असतं आणि बाहेरच्यानं गाडीचं शेपूट धरून ठेवलं असतं. इथे शेपूट निघतं. व्हीलबेस जितका आखूड तितकं ते चटकन निघतं. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे, थारचा २४५०. या लांब गाड्या नव्हेत. म्हणून रोज चालणाऱ्या, घरातले सगळे चालवतात अशा आखूड गाडीच्या मागच्या एक्सलला लंचबॉक्स लावू नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

हाच लॉकर पुढच्या एक्सलला लावला तर हिशेब उलटतो. जिप्सीसारख्या गाडीला पुढे फ्री-व्हीलिंग हब असतात, म्हणजे पुढची चाकं एक्सलपासून सोडवायची सोय. हब मोकळे ठेवले की रस्त्यावर पुढचा लॉकर असून नसल्यासारखा. ना आवाज, ना हिसका. हब लावून फोर बाय फोर घातला की मगच तो कामाला लागतो. तेव्हा स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळच जाऊ पाहते, पण कमी वेगात हे सांभाळता येतं. हब असलेल्या गाडीला थोडक्या पैशांत खरा लॉक हवा असेल, तर पुढचा लंचबॉक्स हा बाजारातला सगळ्यात शहाणा सौदा आहे.

डेट्रॉइट लॉकर हा याच घराण्यातला थोरला भाऊ. तो आख्खा केज बदलतो, फार दणकट असतो, महागही असतो आणि रस्त्यावरचे नखरे तेच. मालवाहू आणि स्पर्धेच्या गाड्यांना तो शोभतो.

सगळ्यात फुकट उपाय म्हणजे स्टार गिअर वेल्डिंग करून टाकणं. यात लॉक कायमचा. टायर खाल्ले जातात, प्रत्येक वळणात एक्सलला पीळ बसतो, आणि वेल्डिंग तुटलं तर त्याचे तुकडे क्राऊनच्या दातांत जातात. रस्त्यावर येणाऱ्या गाडीला हे करू नये. इतर कारणं राहू द्या, ओल्या रस्त्यावरचं वळण एवढंच कारण पुरेसं आहे.

गाडीबरोबर आलेला लॉक

बाहेरचं काही विकत घेण्याआधी आपल्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलमध्ये काय येतं, ते बघावं. महिंद्रानं २०१५ च्या थारपासून मागच्या एक्सलला ईटनचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे एमएलडी, द्यायला सुरुवात केली. २०२० च्या नव्या थारमध्ये आणि बोलेरो निओच्या एका मॉडेलमध्येही तो आला. ही यंत्रणा जुनी आहे. जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकांत ती १९७३ पासून आहे. आत छोटी फिरती वजनं असतात. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की ती वजनं बाहेर फेकली जाऊन एका खिटीत अडकतात, क्लच प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं बांधली जातात. ताशी ३०-३२ किलोमीटरच्या वर दुसरी खिटी हे होऊच देत नाही. म्हणजे घाटात हा निव्वळ ओपन डिफरन्शियल. चालकाला बटणही दाबायचं नाही.

त्याचा स्वभाव ओळखून चालवावं लागतं. चाक फिरायला लागलं की नवखा घाबरून पाय उचलतो, आणि लॉक लागायच्या आतच सगळं थंड पडतं. दुसरा चिडून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबतो, आणि लॉक लागतो तेव्हा आत धाडकन आदळतो. मधला मार्ग: हलका, एकसारखा जोर धरून ठेवायचा, एक खट् ऐकू येते, आणि गाडी सरकते. आपली थार कोणत्या मॉडेलची आहे आणि तिच्यात एमएलडी आहे की नाही, हे अनेक मालकांना माहीतच नसतं. ज्यांच्या गाडीत तो नाही, त्यांनी परदेशी लॉकरच्या आधी कंपनीच्या पार्ट काउंटरवर आपल्या एक्सलला बसणाऱ्या असेंब्लीची चौकशी करावी. स्प्लाइन आणि क्राऊनचे दात जुळले, तर सुटा भाग आणि त्याचं सामान दोन्ही इथेच मिळतं.

पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाची गोष्टच निराळी. तिला पुढे-मागे दोन्ही एक्सलना मर्जीनं लावायचे लॉक कारखान्यातूनच येतात, दोन सीटांच्या मध्ये त्यांचे लीव्हर असतात. ट्रॅक्टरचं पेडल इथे हाताशी आलं, एवढाच फरक. दोन लॉकर वेगळे विकत घेऊन बसवायचा खर्च मांडला, तर नव्या गाडीच्या शोधात असलेल्यानं गुरखाची किंमत त्या हिशेबानं वाचावी. २०२४ ची थार रॉक्स फोर बाय फोरमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉक देते. रांजणगावला जोडणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक लॉक असतात, पण तिथे परवडण्याचा विषय संपलेला असतो.

मर्जीनं लागणारे लॉकर

बटण दाबलं की लॉक, सोडलं की ओपन. रस्त्यावर काहीही न जाणवणारा आणि हवा तेव्हा शंभर टक्के बांधणारा हाच प्रकार. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर यातला सगळ्यात ओळखीचा. तो हवेच्या दाबावर चालतो. छोटा कंप्रेसर साधारण १०० पीएसआयच्या आसपास हवा देतो, ती डिफरन्शियलमधल्या पिस्टनला रेटते आणि एक गिअर केजला बांधला जातो. ईटन-हॅरपचा लॉकर हेच काम विजेच्या चुंबकानं करतो. परदेशात एका एक्सलचे हजार डॉलरच्या पुढे पडतात, कंप्रेसर वेगळा. मात्र तोच कंप्रेसर टायरची हवा भरायलाही येतो, हे विसरू नये. नाहीतरी पंप घ्यायचाच होता.

खरा खर्च बसवणीत आहे. यात आख्खा केज बदलतो, म्हणजे क्राऊन जुन्या केजवरून काढून नव्यावर चढवायचा आणि पिनियनशी त्याचं नातं पुन्हा जुळवायचं. बेअरिंग कॅप काढायच्या आधी डाव्या-उजव्याच्या खुणा करायच्या. शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर मोजायचा. बऱ्याच गाड्यांत तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या घरात असतो. मग चार-पाच दातांना मार्किंगचा रंग लावून क्राऊन फिरवायचा आणि रंगावर उमटलेला ठसा बघायचा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी गेला, तर शिम पुन्हा. हे घाईत उरकलं, तर ताशी ६० ला क्राऊनचा हुंकार ऐकू येतो आणि पुढच्या काही हजार किलोमीटरांत दात जातात. एअर लॉकरसाठी हाउसिंगला भोकही पाडावं लागतं. त्याचा कीस आत राहता कामा नये. म्हणून मेस्त्रीला एकच विचारावं: डायल गेज आहे का? अंदाजानं जुळवतो म्हणणाऱ्याकडे हा लॉकर देऊ नये.

स्वस्तातल्या नकली एअर लॉकरांचा मोह इथेच पडतो. लोखंड कदाचित टिकेल. भीती सीलची असते. रबरी सील गळायला लागलं की लॉक अर्धवट लागतो, आणि उलट्या वाटेनं तेल हवेच्या नळीतून सोलेनॉइडपर्यंत येतं. त्यानंतर तोच सगळा उद्योग पुन्हा: हाउसिंग उघडा, केज काढा, शिम जुळवा. बसवणीची मजुरी दोनदा दिली की अस्सल मालाची किंमत निघते. सील-किट इथे मिळेल का, हे न विचारता असा लॉकर घेऊ नये.

पुढे, मागे की दोन्ही

चढावर वजन मागे सरकतं, पकड मागच्या चाकांना मिळते. म्हणून एकच लॉकर परवडत असेल आणि तो मर्जीनं सुटणारा असेल, तर मागे. लंचबॉक्स असेल आणि पुढे हब असतील, तर पुढे. दोन्हीकडे लॉक असलेली गाडी जिथे चढते तिथून खाली कशी आणायची, हेही कळलं पाहिजे. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेला उतरणाऱ्यांचं गणित वेगळं. शनिवार-रविवारी मावळात जाणाऱ्यानं ते डोक्यात घेऊ नये.

आणखी एक खर्च कोणी आधी सांगत नाही. ओपन डिफरन्शियल चाक फिरवून देतो, त्यातच तो एक्सल शाफ्ट वाचवतो. लॉक लागला की अडकलेल्या एकाच चाकावर सगळा जोर येऊ शकतो, आणि जे सगळ्यात कच्चं आहे ते तुटतं. पुढच्या एक्सलला ते बहुतेक वेळा सीव्ही जॉइंट असतं, तेही स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. जिप्सीला मोठे टायर आणि पुढचा लॉकर दोन्ही लावलं, तर सुटा जॉइंट बरोबर बाळगावा आणि चाकं वळलेली असताना जोर देऊ नये. गाडी वॉरंटीत असेल, तर हाउसिंग उघडण्याआधी डीलरकडून लेखी उत्तर घ्यावं.

निवाडा

जिम्नी किंवा एमएलडीची थार असेल तर आधी टायर, पंप आणि सराव. लॉकरचा विषय वर्षभर पुढे ढकलावा. हब असलेली जिप्सी किंवा जुनी जीप असेल आणि पैसे थोडे असतील, तर पुढे लंचबॉक्स आणि मागे ओपनच. हीच गाडी रोजची असेल आणि पैसे साठवता येत असतील, तर थांबून मागे अस्सल एअर किंवा इलेक्ट्रिक लॉकर घ्यावा आणि सामानाइतकीच रक्कम चांगल्या बसवणीसाठी बाजूला ठेवावी. नवी गाडीच घ्यायची आहे आणि खडकावर जायचं नक्की आहे, तर गुरखा चालवून बघावी.

विक्रेत्याला भाव विचारण्याआधी विचारावं की लॉकर सुटलेला असताना गाडी कशी चालते. ‘साहेब, तो पूर्ण सुटत नाही’ असं उत्तर आलं, तर रोजच्या गाडीच्या मागच्या एक्सलसाठी तो फुकटात मिळाला तरी महागच.